किट्टण्णांचं 'आय्तु'

माझं वाक्य किट्टण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, असं फारसं कधी झालं नाही. ते संपायच्या आत त्यांचं उत्तर तयार असे. मल्लेश्वरममधल्या त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या बघायला मी पहिल्यांदा गेले, ती हातात यादी घेऊनच. मी पुण्याची. भाड्याची जागा बघायला यादीशिवाय जाणं आमच्यात बसत नाही.

"नळ गळतोय," मी हिंदीत म्हटलं.

"आय्तु," ते म्हणाले.

"खिडकीची कडी लागत नाहीये."

"आय्तु."

"आणि डासांसाठी जाळी..."

"आय्तु!"

मला तेव्हा कन्नडचा गंध नव्हता. माझ्या कानांना ऐकू आलं 'आयतं'. एकदा सोडून दिलं, दुसऱ्यांदा गिळलं, तिसऱ्यांदा मात्र डोकं तापलं आणि मी मराठीत पुटपुटले, "आयतं कशाला? चांगलं भाडं देणार आहे मी."

त्यावर त्या गृहस्थांचा चेहरा लखकन उजळला. "अरे बा! तुम्ही आपल्यातल्या की!" ते जिन्यातून खाली ओरडले, "सुमा, ए सुमा, वर ये! मराठी पोरगी आलीय म्हणून!"

त्यांचं पाळण्यातलं नाव कृष्णाजीराव. गल्लीला ते किट्टण्णा म्हणूनच माहीत. तीनचारशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज कुठल्याशा सरदाराच्या फौजेबरोबर इकडे आले आणि त्यांचं परत जायचं राहून गेलं. "उद्या निघतो म्हणून सांगितलं असतील," त्यांच्या बायकोनं, सुमक्कांनी, मला त्याच दिवशी सांगितलं. "ह्यांच्या घरात सगळं असंच."

त्यांचं ते बोलणं मी थट्टा समजले आणि आठवड्यात सामान घेऊन राहायला आले. तो नळ मी तिथं राहिले ती तिन्ही वर्षं गळला. किट्टण्णांना त्याचा विसर पडला होता असं मात्र कुणी म्हणू नये. रोज सकाळी ते अंगणातून वर बघून विचारत, "नळ कसा आहे?" मी म्हणे, "गळतोय." मग ते काळजीनं मान हलवत. घरातल्या आजारी माणसाची चौकशी करावी, इतक्या मायेनं त्या नळाची चौकशी होत असे.

'आय्तु'चा अर्थ मला सुमक्कांनी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून शिकवला. आय्तु म्हणजे झालं. पण कन्नडमध्ये 'बरं', 'ठीक आहे', 'करतो' या सगळ्यासाठी तोच शब्द चालतो. "एकदा आय्तु म्हटले तर त्यांनी ऐकलंय," सुमक्का म्हणाल्या. "आय्ताय्तु म्हणून दोनदा म्हटले तर विसरले. आणि 'आय्तु बिडी' म्हटले ना, की मग तुम्ही दिसला तर ते मागच्या दारानं जाणार. सरी?"

मी म्हटलं, "आणि खरंच करणार असले तर काय म्हणतात?"

सुमक्कांनी फोडणी परतली. मग म्हणाल्या, "तसं कधी झालं नाही बा."

किट्टण्णांचा जन्म गेला यशवंतपूरच्या एका वजनकाट्यांच्या कारखान्यात. तिथं ते माल पाठवायच्या खात्यात कारकून होते. बेळगावचा, सेलमचा, कुठलाही व्यापारी फोन करून "माल कधी?" असं विचारी, आणि किट्टण्णा सांगत, "लॉरी निघाली." लॉरी तेव्हा अनेकदा कारखान्याच्या आवारात चाकं काढून उभी असे. पण हे ते लबाडीनं करत असं मला कधीच वाटलं नाही. मी त्यांना एकदा छेडलंच, तेव्हा ते फार गंभीर झाले. "हे बघा अक्का, नाही म्हटलं की माणूस तिथंच बसतो. हो म्हटलं तर स्वल्प दिवस तरी खूश राहतो की. तेवढं सुद्धा का तोडायचं?" वयानं मी त्यांच्या मुलीसारखी, पण ते मला अक्काच म्हणत. दुधवालीपासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्या बायका त्यांच्या अक्काच होत्या.

आपल्या मराठीत अशा माणसांसाठी शब्दांची टंचाई नाही. थापाड्या आहे, बोलघेवडा आहे. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात आहे. गाजर दाखवणं, तोंडाला पानं पुसणं हेही आहेच. पण या सगळ्यांना एक आंबट वास आहे. समोरच्याला गंडवायचं हे त्यात आधीच ठरलेलं असतं. किट्टण्णांना यातलं काहीच लागू पडत नसे. त्यांच्यासाठी म्हणणं हेच करणं होतं. 'आय्तु' म्हणताना त्यांना तो नळ दुरुस्त झालेला दिसत असणार, आणि झालेलं काम पुन्हा कशाला करायचं?

आता फणसाची गोष्ट. अंगणात एक फणसाचं झाड होतं. पहिला फणस किट्टण्णांनी मला दिला होता, म्हणजे कबूल केला होता. इस्त्रीवाल्यालाही केला होता. देवळातल्या पुजाऱ्यांना, डॉक्टरीणबाईंना, गॅस घेऊन येणाऱ्याला आणि फोनवरून पुण्यात माझ्या आईलाही. आईनं त्या भरवशावर शेजारच्या दोन घरांत गरे वाटायचंही कबूल केलं होतं, म्हणजे हा रोग फोनवरूनही लागतो. एका रविवारी सकाळी तो फणस धप्पकन स्वतःच खाली आला. आवाज ऐकून गल्ली फाटकाशी जमली आणि प्रत्येकानं आपला हक्क सांगितला. मी वरून बघत होते. मला वाटलं, आज किट्टण्णा सापडले. ते शांतपणे हातांना तेल लावून बसले, फणस फोडला आणि प्रत्येकाच्या हातावर तीन तीन गरे ठेवले.

"अहो, तुम्ही अख्खा फणस म्हणाला होतात," पुजारी म्हणाले.

"पैला म्हणून सांगितलं होतं. अख्खा म्हणून कोण सांगितलं?" किट्टण्णा म्हणाले. "हा पैला फणसच की हो!"

पुजारी गरे खात खात परत गेले. मोठा फणस पुढच्या वर्षी देतो म्हणून त्यांना तिथल्या तिथं कबूलही करून टाकलं होतं.

माझं ऑफिस हेब्बाळला. तिथं मी हा शब्द नेला आणि तो फोफावला. आमच्या टीमचा मॅनेजर निखिल, मूळचा नागपूरचा. क्लायंटनं काहीही मागितलं की तो छातीवर हात ठेवून "शुक्रवारपर्यंत डन" म्हणायचा, आणि मग आम्ही आठ जण त्या शुक्रवाराला शिव्या घालायचो. मी एकदा मीटिंगमध्ये हळूच म्हटलं, "हे आय्तु आहे." किट्टण्णांची गोष्ट सांगितली. टीम खूश. त्या दिवसापासून खरी तारीख वेगळी आणि 'आय्तु तारीख' वेगळी असं बोलणं सुरू झालं. होता होता परदेशातला क्लायंटसुद्धा एकदा फोनवर विचारता झाला की, ही तारीख नक्की आहे की आय्तु? निखिलनं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

टीममध्ये एकच माणूस हसला नाही. रघू, खास बेंगळुरूचा. तो कॉफी घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "आमच्या चांगल्या शब्दाची तुम्ही बदनामी चालवली आहे. 'ऊटा आय्ता' म्हणून आम्ही रोज जेवणाची चौकशी करतो, ते काय खोटं असतं?" मी म्हटलं, न झालेलं काम 'झालं' म्हणून सांगायचं, ही कसली भाषा? तो म्हणाला, "आणि तुमचं 'आलोच' काय असतं? निखिल अंघोळीला जाताना फोनवर 'आलोच' म्हणतो. आमचा शब्द निदान काही दिवस थांबून मग खोटा ठरतो. तुमचा बोलतानाच खोटा असतो."

मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर न सुचण्याची मला सवय नाही. ते शोधण्यासाठी आम्ही पुढं बऱ्याच वेळा कॉफी प्यायलो. दोन वर्षांनी लग्न ठरलं.

लग्न मल्लेश्वरममध्येच करायचं होतं. सगळं मार्गी लागलं आणि एका गोष्टीवर घोडं अडलं. मामा नव्हता. माझी आई एकुलती एक. वधूला हाताला धरून बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हे काम मामाचं. रघूच्या घरीही सोदरमाव, म्हणजे मामा, लागतोच, त्यामुळे तिकडूनही रोज तोच प्रश्न. तसं मी स्वतःला आधुनिक वगैरे समजते. पण लहानपणी मे महिन्यात अख्खी आळी मामाकडे जायची आणि मी आत्याकडे, हे मी कधी विसरले नव्हते. मला मामा हवा होता. अगदी मनापासून हवा होता.

आणि मला किट्टण्णाच हवे होते. हे सुचलं तेव्हा मला आधी माझंच हसू आलं. जगात ज्याच्या शब्दावर नळाचा साधा वायसरही बदलला जात नाही, त्याच्या भरवशावर बोहल्यावर चढायचं! पण ते नुसतं आय्तु म्हणाले तरी मला बरं वाटणार होतं. ते म्हणत तसं, स्वल्प दिवस तरी खूश राहिले असते.

मी खाली गेले. किट्टण्णा पेपर वाचत होते, सुमक्का शेंगा सोलत होत्या. मी म्हटलं, "अण्णा, माझ्या लग्नात मामा म्हणून उभे राहाल का?"

पेपर खाली आला. मी 'आय्तु'ची वाट बघत होते. किट्टण्णांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. सुमक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"नोडोणा," किट्टण्णा म्हणाले, उठले आणि आत निघून गेले.

नोडोणा म्हणजे बघूया. पुण्यात एखाद्याला 'बघूया' म्हटलं की त्यानं चपला घालायच्या असतात. गॅसवाल्याला फणस, इस्त्रीवाल्याला फणस, ओळख ना पाळख अशा माणसाला दिवाळीचं जेवण, आणि मला बघूया! मी वर जाऊन रडले. खोटं कशाला सांगू, चांगली हुंदके देऊन रडले.

आठवडाभर मी खाली गेले नाही. मग सुमक्काच चटणीपुडीचा डबा घेऊन वर आल्या. "ह्याचा अर्थ मला बी माहीत नाही बा," त्या हताशपणे म्हणाल्या. "चाळीस वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून पैल्यांदा ऐकला. मलाच भ्या वाटायला लागलं." मग त्यांनी सांगितलं की, किट्टण्णा एका लग्नात खरे मामा होते. हुबळीला, सख्ख्या बहिणीच्या मुलीच्या. त्या दिवशी सकाळी ते वेळेवर निघालेही होते, पण वाटेत एकाची फुलं आणायचं कबूल केलं, दुसऱ्याच्या पाहुण्यांना स्टँडवरून आणायचं कबूल केलं, आणि कार्यालयात पोचले तेव्हा पंगत बसली होती. भाचीच्या पाठीशी तिच्या वडिलांचे कोणी मित्र उभे राहिले होते. बहीण रागावली नाही. तिनं स्वतः त्यांच्या पानात जिलेबी वाढली. "पण त्या दिवसापासून ती त्यांना काही काम सांगत नाही," सुमक्का म्हणाल्या. "साधं 'येताना कोथिंबीर आण' म्हणून सुद्धा नाही. तेवढंच त्यांना लागलंय."

हे ऐकून माझा राग गेला, पण मामा काही आला नाही. तारीख जवळ येत होती. शेवटी पर्यायी मामा म्हणून मी निखिलला विचारलं. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्यानं छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "डन."

लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला सुमक्का वर आल्या त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन. किट्टण्णा घरात नव्हते. अंथरूण थंडगार, फोन बंद, नवं धोतर कपाटातून गायब. मी म्हटलं, जाऊ दे, भित्रा माणूस, तोंड चुकवून गेला असेल. तोंडानं असं म्हटलं खरं, पण खिडकीतून दोनदा फाटकाकडे बघून आले. आईनं माझ्या वेणीत गजरा माळला. निखिल गाडीशी धोतर सावरत उभा होता. ते त्याला कुणीतरी व्हिडिओ बघून नेसवलं होतं आणि दर दहा पावलांवर ते त्याचा निरोप घेत होतं.

आम्ही कार्यालयाशी पोचलो तर वॉचमन तक्रार घेऊनच पुढं आला. एक म्हातारा चारपासून पायरीवर बसलाय, कोण म्हणून विचारलं तर बोलत नाही, जा म्हटलं तर जात नाही. मी पाहिलं. पायरीवर कडक इस्त्रीचं धोतर, जरीचं उपरणं, मांडीवर नारळ. किट्टण्णा! दोन्ही गाल टम्म फुगलेले.

"अण्णा!" मी ओरडले. "तुम्ही कधी आलात?"

त्यांनी बोटानं गालाकडे खूण केली. तोंडात पानाचा असा तोबरा होता की श्वाससुद्धा नाकानं विचारून घ्यावा लागत असेल. सुमक्कांना सगळा उलगडा त्या एका खुणेवरून झाला. चाळीस वर्षांचा संसार, दुसरं काय! "वाटेत कोण भेटलं तर ह्यांनी हो म्हटलं असतं," त्या डोळे पुसत हसत होत्या. "म्हणून कोण उठायच्या आत निघाले. आणि इथं कोण विचारलं तर बोलता येऊ नये म्हणून पान!"

निखिलनं तिथल्या तिथं मामाचं पद सोडलं आणि पँट शोधायला पळाला.

एवढा बंदोबस्त करूनही एक चूक राहिलीच. किट्टण्णांचं तोंड बंद होतं, मान मोकळी होती. आणि इकडची मान जी डोलते, तिचा अर्थ विचारणाऱ्यानं आपल्या सोयीनं घ्यायचा असतो. तासाभरात त्या मानेनं रघूच्या काकूंना गावाला नेण्यासाठी फणस दिला, आचाऱ्याच्या मेहुण्याला नोकरी दिली, आणि नादस्वरमवाल्याला माझ्या रिकाम्या होणाऱ्या दोन खोल्या दिल्या. हे आम्हाला दुपारी तिघं जण आभार मानायला आले तेव्हा कळलं.

पण मुहूर्ताला ते होते. त्यांनी मला हाताला धरून आणलं आणि माझ्या पाठीशी उभे राहिले. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली. माझ्या खांद्यावर त्यांचा हात होता. मला वाटलं, असा मामा शाळेत असताना असता तर मी सबंध मे महिना त्याच्याकडे काढला असता, गळक्या नळासकट. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, आणि मागं गटकन आवाज आला. किट्टण्णांनी आनंदाच्या भरात अख्खा तोबरा गिळला होता. त्यांना ठसका लागला, कोणी पाणी आणलं, कोणी पाठीवर थापा मारल्या. लग्नाच्या व्हिडिओत माझ्या वरमालेपेक्षा किट्टण्णांचा ठसकाच जास्त वेळ दिसतो.

जेवणं झाल्यावर मामाचा मान द्यायला आई पुढं आली. तिनं त्यांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. वाकून नमस्कारही केला. मग तिथंच घोटाळली. माझी आई बोलायला कधी घाबरत नाही, पण तेव्हा तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला. म्हणाली, "मुलीचे मामा म्हणजे तुम्ही आता माझे भाऊ झालात. मी आजवर चंद्राला ओवाळत आले. या भाऊबीजेला पुण्याला याल?"

आता त्यांच्या तोंडात पान नव्हतं. सुमक्कांनी माझा दंड घट्ट धरला. किट्टण्णांनी तोंड उघडलं, मिटलं. डोळे पाण्यानं भरले होते.

"नोडोणा," ते म्हणाले.

"काय म्हणाले?" आईनं रघूला विचारलं.

"बघूया म्हणाले," रघूनं बिचाऱ्यानं सरळ भाषांतर केलं.

आईचा चेहरा उतरला. शेवटी ती पुण्याचीच. कसनुसं हसून ती म्हणाली, "बरोबर आहे, एवढ्या लांब कसं जमणार?" मी तिचा हात हातात घेतला.

"आई," मी म्हटलं, "पाट मांडून ठेव."